प्रवाळ जलजीवालयाचे कॅमेऱ्याद्वारे निरीक्षण

प्रवाळभित्तीवरील प्राणी व शैवले यांचा समूह कृत्रिम टाकीत जोपासून त्याचे जीवन कायम बसविलेल्या कॅमेऱ्याने अखंड व प्रत्यक्ष घडत असतानाच दाखविण्याची पद्धती. तिच्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यातील वाचकालाही सागरी जीवांच्या सवयींचा अभ्यास करता येतो.

पहिले सार्वजनिक जलजीवालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये उघडण्यात आले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. नूतनीकरणानंतर ते २०१५ मध्ये पुन्हा खुले झाले व २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत बंद करण्यात आले. १९५१ मध्येच इंग्लिश खाडीत बुडालेल्या ‘अफ्रे’ या ब्रिटिश पाणबुडीची ओळख पाण्याखालील दूरचित्रवाणी कॅमेऱ्याने पटविण्यात आली. आंतरजालाच्या प्रसारानंतर अमेरिकेतील माँटेरे बे (स्थापना १९८४) व लाँग बीच (१९९८) येथील जलजीवालयांनी टाक्यांतील दृश्ये थेट प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला.

टाकीतील पाण्याचे तापमान सामान्यतः २४°–२७° से. व लवणता दर हजार भागांत सु. ३५ भाग ठेवतात. प्रवाळांच्या ऊतकांतील सूक्ष्म शैवले प्रकाशसंश्लेषण करून प्रवाळांना अन्न पुरवितात. म्हणून प्रखर प्रकाश आवश्यक असतो. माशांनी उत्सर्जित केलेल्या विषारी अमोनियाचे सूक्ष्मजंतू प्रथम नायट्राइटात व नंतर बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटात रूपांतर करतात.

पाण्याचा प्रणमनांक १·३३ असल्याने सपाट काचेतून वस्तू जवळ व मोठ्या दिसतात. घुमटाकार काचेमुळे हा दोष पुष्कळसा कमी होतो. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. त्यामुळे दूरचे दृश्य निळसर दिसते. अवरक्त किरण तर त्याहूनही लवकर शोषले जात असल्यामुळे रात्रीचे चित्रण जवळच्या अंतरापुरतेच शक्य होते.

प्रेक्षकाच्या हालचालींनी मासे बिचकत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. विदूषक मासा समुद्रपुष्पाच्या दंशक शुंडकांत आश्रय घेतो; त्याची अंडी मुख्यतः नर राखतो. झाडूवाला मासा इतर माशांच्या अंगावरील परजीवी खातो. पोपटमाशांच्या काही जाती रात्री स्वतःभोवती श्लेष्माचा कोश तयार करतात. एकाच टाकीचे ठराविक वेळी, अनेक दिवस निरीक्षण करून नोंदी ठेवल्यास मत्स्यांचे क्षेत्ररक्षण व दिनक्रम स्पष्ट होतात.

तथापि टाकी म्हणजे समुद्र नव्हे. तीत अन्न वेळेवर मिळते, भक्षकांची निवड माणूस करतो आणि तापमान यंत्रे सांभाळतात. म्हणून तेथील वर्तनावरून निसर्गाविषयी काढलेले निष्कर्ष पडताळून घ्यावे लागतात. महाराष्ट्रात प्रवाळ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण सागरी अभयारण्यात (१९८७) व विजयदुर्गापासून सु. १०० किमी. दूर असलेल्या आंग्रिया या बुडीत उथळ पठारावर आढळतात. पाणी तापल्यास प्रवाळांतील शैवले निघून जातात व प्रवाळ पांढरे पडतात. अशा जागतिक विरंजनाची चौथी घटना एप्रिल २०२४ मध्ये जाहीर करण्यात आली. टाकीतील तापमान यंत्राने उतरविता येते. समुद्रातील प्रवाळांना असा आधार नसतो. त्यामुळे कॅमेऱ्यातून होणारी ओळख उपयुक्त असली, तरी ती नैसर्गिक प्रवाळभित्तींच्या संरक्षणाला पर्याय ठरत नाही.