नकाशावर नकाशा : क्यूजीआयएसचा उपयोग

गावचा नकाशा, जमिनीचा चढउतार व पिकांची उपग्रहचित्रे एकावर एक ठेवून पाहिल्यास बांधबंदिस्तीची आखणी सुकर होते. याकरिता गॅरी शर्मन यांनी २००२ साली आरंभलेली ‘क्यूजीआयएस’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिची मूळ रचनाही सर्वांस खुली आहे. प्रथम गावनकाशावरील शिवेचे दगड, विहिरी अशी निदान चार ठिकाणे प्रत्यक्ष अक्षांश-रेखांशांशी जुळवावीत. ही जुळणी चुकल्यास एकाच्या शेताची नोंद शेजाऱ्याच्या शेतावर पडते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील १० मीटर बाजूचा एक चौकोन म्हणजे सुमारे एक गुंठा. म्हणून अरुंद पट्ट्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. अंतिम आखणीपूर्वी ग्राम कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसह शिवारात फिरून खात्री करून घ्यावी.