पाय उरणात तयार होतात, श्वास नाही

केदारनाथसाठी किंवा हिमालयातल्या लांब ट्रेकसाठी उरणच्या द्रोणागिरी किल्ल्यावर सराव करणार असाल, तर उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. दम चढताना लागतो, पण पायांची खरी झीज उतरताना होते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यात त्यांचे सूक्ष्म तंतू फाटतात आणि दुखणे एक-दोन दिवसांनी वर येते. असा उतार आधी सोसलेले स्नायू पुढचे काही आठवडे कमी दुखावतात. म्हणून घरचा डोंगर मोलाचा.

हवेचा सराव मात्र इथे होत नाही. उरण समुद्राला लागून, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर लगेच श्वास आणि ठोके वाढवते. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. धडधाकट तरुणही विरळ हवेच्या त्रासातून सुटत नाहीत. उलट ते भरभर चढतात, म्हणून मला त्यांचीच काळजी अधिक वाटते.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोके दुखून मळमळत असेल तर तिथेच थांबा. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचत असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. त्या माणसाला सोबत देऊन लगेच खाली उतरवा.