झाकण उघडायची पहिली दहा मिनिटं

मे महिन्यातल्या एका दुपारी, डोंबिवलीतल्या आमच्या ओट्यावर, मशीनमध्ये छान फुगून वर आलेला ब्रेड भाजताना मधोमध खचला. पुस्तिकेतलं माप काटेकोर पाळलं होतं. चूक पाण्यात होती. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी नळाला येणारं पाणी चक्क गरम असतं, पीठही तापलेलं असतं. मळलेल्या गोळ्याचं तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास राहिलं तर यीस्ट बेतानं काम करतं. त्यापुढे ते घाई करतं आणि भाजणी सुरू होण्याआधीच गोळा फुगून दमतो. दुसऱ्या दिवशी तेच माप फ्रिजमधल्या गार पाण्यानं घेतलं आणि ब्रेड नीट उभा राहिला.

‘सगळं टाका, बटण दाबा आणि विसरून जा’ असं सांगून ब्रेड मशीन विकलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. बटण जरूर दाबा, पण मळणी चालू असतानाची पहिली दहा मिनिटं तिथून हलू नका. मशीन मळतं, उबेत ठेवतं, भाजतं. पण आत गेलेलं पीठ कोरडं आहे की खाडीच्या दमट हवेनं सर्दावलेलं, हे त्याला कळत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं.

या यंत्राच्या जन्माची गोष्टही हाताशीच जोडलेली आहे. १९८५च्या सुमारास जपानच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, घरगुती ब्रेड मशीन घडवणं चाललं होतं. पण ब्रेड वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. इकुको तानाका या तिथल्या सॉफ्टवेअर अभियंता ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो बेकर गोळा नुसता मळत नव्हता, मळताना त्याला खास पीळ देत ताणत होता. भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा काढून तो ताण यंत्रात आणला गेला. पोळीची कणीक तिंबताना आपला तळवा तिला रेटतो, ओढतो, तसंच हे. त्यातून गव्हातल्या ग्लूटेनचं जाळं तयार होतं आणि यीस्टनं सोडलेला वायू त्यात अडकून राहतो.

आता ती दहा मिनिटं. एका मध्यम ब्रेडला ३०० ग्रॅम मैदा, १९० ते २०० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, चमचाभर तेल किंवा लोणी आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्या. वाटीनं नको, वजनकाट्यावर मोजा. पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून पाहा. एकसंध, मऊ, बोटाला किंचित चिकटणारा गोळा पात्याभोवती फिरत असेल तर झाकण लावा. पीठ भांड्याच्या कडेला चिकटून पसरलं असेल तर चमचाभर पीठ, गोळा खडखडत असेल तर चमचाभर पाणी. पावसाळ्यात पीठ हवेतलं पाणी आधीच प्यायलेलं असतं, म्हणून जुलैत पाणी दोन चमचे कमीच घालून सुरुवात करावी. यीस्टचं फोडलेलं पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

गिरणीतून दळून आणलेल्या कणकेचं गणित निराळं. दळताना गव्हातला पिष्टाचा कण तुटतो आणि पाणी जास्त शोषतो, त्यात कोंडा ग्लूटेनचे धागे कापतो. म्हणून पाणी वाढवायचं आणि ब्रेड मैद्यापेक्षा बुटका, जड होणार हे मान्य करायचं. सुरुवात निम्मी कणीक, निम्मा मैदा अशी करावी. नाचणी-ज्वारीत ग्लूटेन नाहीच. ती पाव हिश्शापुढे नेली की ब्रेडची वीट होते.

पहाटेची लोकल गाठणाऱ्या घरांना खरा मोह असतो टायमरचा. रात्री भरावं, सकाळी डब्याला ताजा ब्रेड. हे जमतं, पण दूध आणि अंडं रात्रभर उबेत ठेवू नका, दुधाऐवजी दूध पावडर घाला. यीस्ट पाण्यापासून लांब, कोरडं राहिलं पाहिजे. बहुतेक मशीनमध्ये आधी पाणी, मग पीठ, वर खळगा करून यीस्ट असा क्रम असतो. काहींत तो नेमका उलटा, म्हणून पुस्तिका वाचाच. टायमरवर लावण्याआधी तोच ब्रेड दिवसा दोनदा डोळ्यांसमोर करून माप पक्कं करा. आणि एक खोलीच्या घरात पहाटे तीनला मळणीची घरघर ऐकू येते, हेही घेण्याआधी लक्षात असू द्या. खाली रबरी चटई घातली की मशीन ओट्यावर सरकत नाही.

विकत घेताना प्रोग्रॅमची संख्या मोजू नका. वीज गेल्यावर प्रोग्रॅम किती मिनिटं लक्षात राहतो, नुसत्या मळणीचा प्रोग्रॅम आहे का, आणि सुटं भांडं, पातं इथे मिळतं का, हे विचारा. पात्याखालची खीळ आणि भांड्यावरचा लेप हेच आधी झिजतात.

ब्रेड झाला की लगेच भांड्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर वाफेनं बाजू ओल्या होतात. तासाभरानंच कापा. यात टिकाऊपणाची रसायनं नसल्यानं पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. चकत्या करून फ्रीझरमध्ये टाका. काय घालतो ते आपल्याला माहीत असतं, हा माझ्या लेखी मोठा लाभ. ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटवर देशात २०१६ साली बंदी आली, त्याआधी ते आपण नकळत खातच होतो.

मामलेदारसारख्या मिसळीच्या हॉटेलातला लादीपाव मात्र या यंत्राकडून मागू नका. त्याला भट्टीची सर्व बाजूंनी येणारी आच लागते. मशीनची उष्णता भांड्याच्या खालून आणि कडेनं येते, वरची पापडी फिकी राहते. पाव पाववाल्याकडूनच घ्यावा. फारच हौस असेल तर गोळा मशीनमध्ये मळून भाजणी ओव्हनमध्ये करा.

आमच्या घरी मशीन आठवड्यातून दोनदा ब्रेडसाठी आणि रोज एकदा पोळ्यांच्या कणकेसाठी चालतं. मळणीचा प्रोग्रॅम लावायचा, यीस्ट नाही, दहाव्या मिनिटाला बंद करायचा. आईची मनगटं दुखतात, तरी ती अजूनही झाकण उघडून बोटानं गोळा दाबून बघते आणि थेंबभर तेल घालते.