थंडी निफाडची, समजूत कार्ब्युरेटरची

डिसेंबर लागला आणि निफाडच्या पाऱ्याचे आकडे पेपरात पहिल्या पानावर यायला लागले, की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये पहाटे एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. कोणीतरी पार्किंगमध्ये येतं, गाडीला सेल्फ मारतं आणि चहा घ्यायला परत वर जातं. गाडी खाली दहा मिनिटं गुरगुरत राहते आणि तिचा धूर तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात शिरतो. हटकलं तर उत्तर तयार असतं: ‘इंजिन गरम व्हायला नको का? थंडी बघा केवढी पडलीय!’ असं सांगणाऱ्यांत कालपरवा नवीकोरी बीएस-सिक्स गाडी घेतलेली मंडळीही असतात. तिथे मात्र माझा संयम सुटतो.

ही समजूत मुळात खोटी नव्हती. पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर असायचा. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं आणि इंजिन तापेपर्यंत थांबायचं. घाई केली तर गाडी मिसिंग मारायची, नाहीतर गेटपाशी बंद पडायची. वडिलांच्या पिढीने हे सगळं सोसलं आणि मुलांना शिकवलं. पुढे कार्ब्युरेटर गेला, शिकवण तेवढी उरली.

आता इंजिन किती थंड आहे हे सेन्सर पाहतो, किती पेट्रोल द्यायचं ते संगणक ठरवतो आणि इंजेक्टर तेवढंच फवारतो. हे नाशिककरांना सांगावं लागतं याची गंमत वाटते. त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं जुनं नाव चिकटलंय, तिच्या म्हणजे आजच्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. या शहरातली कित्येक घरं त्या पगारावर उभी राहिली. आणि डिझेलला तर कार्ब्युरेटर कधी नव्हताच! तिथे कॉइलचा दिवा विझेपर्यंत काही सेकंद थांबायचं, मग सेल्फ मारायचा, एवढंच.

‘पण ऑइल वर चढायला वेळ लागतो ना?’ लागतो, काही सेकंद. ५डब्ल्यू-३० सारख्या आजच्या ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते. निफाडचा गारठा त्याच्या खिजगणतीतही नाही. जिथे खरोखर बर्फ पडतो त्या अमेरिकेत तिथलं ऊर्जा खातं सांगतं, की बहुतेक कंपन्यांच्या सल्ल्यानुसार साधारण ३० सेकंदांनी गाडी हळू काढावी. उभ्या इंजिनावर भार नसतो, म्हणून ते सावकाश तापतं. पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता चालवलं तर तेच काम लवकर होतं. शिवाय गिअरबॉक्स आणि टायर उभ्या गाडीत गरम होतच नाहीत.

ज्या इंजिनाच्या काळजीपोटी हे चाललेलं असतं, त्याचंच यात नुकसान होतं. थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणजे पार्किंगमधला तो पहिला धूर सगळ्यात घाणेरडा. खर्चाचं म्हणाल तर तासाला सुमारे अर्धा लिटर धरला तरी रोजच्या दहा मिनिटांचे महिन्याला अडीच लिटर होतात. ॲव्हरेज पडलं म्हणून गॅरेजवाल्याशी भांडायच्या आधी हा हिशोब करावा.

एक अपवाद मात्र खरा आहे. एसटी आणि ट्रकच्या एअर ब्रेकला टाकीत हवेचा दाब लागतो. डेपोत ड्रायव्हर इंजिन चालू करून काट्याकडे बघत थांबतो तेव्हा तो इंधन उधळत नसतो. कारवाल्यांनी त्याचा दाखला देऊ नये.

दुसरी समजूत सिग्नलवरची: पुन्हा सेल्फ मारला तर जास्त पेट्रोल जातं. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने हे मोजून पाहिलंय. दहा सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर गाडी बंद करून पुन्हा चालू करणंच स्वस्त पडतं. आपल्या मेहेर सिग्नलला किंवा द्वारका चौकात दहा सेकंदांत कोण सुटलंय? आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थाही सिग्नलला गाडी बंद करायला कित्येक वर्षं सांगते आहे. दिल्लीने २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्यावर गाडी बंद करण्याची मोहीमच काढली. हा प्रश्न दिल्लीपुरता नाही; राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत नाशिकही आहे. दिवा हिरवा व्हायला दोन-चार सेकंद उरले असताना बंद करू नका, इतकंच.

सारखं बंद-चालू केल्याने सेल्फ आणि बॅटरी खराब होते? जुनी, मरायला टेकलेली बॅटरी असेल तर सांभाळा. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत दोन्ही त्याच कामासाठी दणकट दिलेली असतात.

उभ्या गाडीच्या धुराबद्दलही समजुती आहेत. पीयूसी आहे म्हणजे धूर स्वच्छ? पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, सूक्ष्म कण नाहीत.

सीएनजीचा धूर दिसत नाही म्हणून प्रदूषण नाही? नायट्रोजनचे ऑक्साइडही दिसत नाहीत.

आणि इंजिन चालू ठेवून, एसी लावून बंद गॅरेजमध्ये डुलकी काढली तर काय होतं? माणसं मेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टर्बोची गाडी थांबल्या थांबल्या बंद करू नये, ही समजूत मात्र अर्धी खरी आहे. घाटात तापलेला टर्बो इंजिन एकदम बंद केल्यावर ऑइलविना राहतो. पण कसारा चढून आलेली गाडी मुंबई नाक्याच्या गर्दीतून रांगत घरी पोचेपर्यंत तो केव्हाच निवलेला असतो. इगतपुरीला घाट संपल्या संपल्या चहाला थांबलात, तर एखादं मिनिट इंजिन जरूर चालू ठेवा.