ऐंशी इंचांची जीप, एक्क्याण्णव इंचांची चेसिस

जुन्या जीपचा पत्रा कोणीही चांगला कारागीर ठोकून देईल. चेसिस गेली की मात्र गाडी नेमकी किती जुनी राहिली, हाच प्रश्न उभा राहतो. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बगिच्याच्या वाटांवर राबलेली एखादी जीप दुरुस्तीला निघते, तेव्हा खरं काम रंगाखाली आणि पत्र्याखालीच असतं.

महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्याकडे घरोघर ओळखीची झाली ती सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच, कारण हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर सरकलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच. हा आकडा पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

चेसिस म्हणजे दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. चॅनलच्या आतल्या खोबणीत काळी माती जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, हँगरजवळ हातोडीने हलकेच ठोकत जायचं: चांगलं लोखंड वाजतं, गंजलेलं बद्द आवाज करतं. वर्षानुवर्षं जादा माल वाहिला असेल तर तडाही बहुधा तिथेच सापडतो.

एवढंच बिघडलेलं असेल तर तेवढाच भाग नवा घालावा. ते शक्य नसेल तेव्हाच बदली चेसिसचा विचार करावा.

आणि तिथे अकरा इंचांची अडचण येते. भंगारात सहज हाती लागते ती बहुतेकदा नंतरच्या, ९१ इंची जीपची चेसिस. घराणं तेच, पण बॉडीचे माउंट, इंजिनाचे पाय, पाट्यांचे हँगर जागच्या जागी येतील याची खात्री नाही. त्यातून मूळ पेट्रोल इंजिन काढून कोणी डिझेल बसवलं असेल तर इंजिनाचे पाय आधीच कोणीतरी कापून-जोडून ठेवलेले असतात. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिनासाठी करार केला. जुन्या पेट्रोल जीपना डिझेल इंजिन बसवण्याची रीत तर गावोगाव दिसते.

अशी चेसिस ऐंशीवर आणायची तर अकरा इंच कापून काढावे लागतात. जाणता मिस्त्री कापायच्या आधी मोजतो. चेसिस चार स्टँडवर समतल ठेवतो, हँगरच्या भोकांतून ओळंबा सोडतो आणि खाली फरशीवर खडूने खुणा करतो. मग फक्त फरशीवरच्या खुणा मोजायच्या. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत एक कर्ण, त्याच्या उलट दुसरा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. "भाऊ, हे जुळून नाही राहिलं," असं तो म्हणाला की गॅस कटर बाजूला ठेवायचा आणि चेसिस कुठे पिळली आहे ते आधी शोधायचं. बॉडी बसते म्हणून चेसिस सरळ, असं मानणारे पुढे टायर झिजवत बसतात.

काप हँगरजवळ किंवा माउंटजवळ कधीच घेऊ नये. जोड तिरका ठेवतात, आतून जाड पट्टी देतात आणि पट्टीची टोकं निमुळती करतात, म्हणजे सगळा ताण एका उभ्या रेघेवर येत नाही. वेल्डिंग थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ देत. एका दमात ओढलेला टाका चॅनल वाकवतो. अकरा इंच गेले की प्रॉपेलर शाफ्टही आखूड करून बॅलन्स करावा लागतो, ब्रेकच्या नळ्या नव्याने ओढाव्या लागतात.

कागदाची बाजू याहून नाजूक आहे. जुन्या चेसिसवरचा क्रमांक कापून नव्या चेसिसवर जोडणं हा सरळ गुन्ह्याचा रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार रचनेतला बदल नोंदणी अधिकाऱ्यापुढे न्यावा लागतो. काटोलकरांसाठी ते नागपूर ग्रामीणचं, एमएच-४० वालं परिवहन कार्यालय. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी दिली, पण अट घातली की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ९१ ची ८० केलेली जीप बगिच्यात उत्तम धावेल, पण हा मान तिला मिळणं अवघड. म्हणूनच गंजका असला तरी मूळ चॅनल वाचवण्यावर खर्च केलेला बरा.

जोडकाम झाल्यावर अ‍ॅक्सलचं हाउसिंग पाट्यांवर चढतं. रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. मग ओल्या मातीवर गाडी सरळ चालवून बघायची. मागच्या चाकांचे ठसे पुढच्या ठशांवर पडायला हवेत. बाजूला पडले तर ओळंबा पुन्हा बाहेर काढायचा आणि हँगर नव्याने मोजायचे.