रक्ताच्या तारखा आणि शाळेचे वेळापत्रक

बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसेमिया उपचार व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याची शाळा सुटत नाही, ती अधूनमधून बुडत राहते. रक्त घेण्याआधीचे काही दिवस थकव्यामुळे वर्गात लक्षही लागत नाही. त्याच दिवसांत अपूर्णांक शिकवून झाले, तर पुढचे सगळे गणित अडखळते. प्रत्यारोपणानंतर तर जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे कित्येक महिने वर्ग बंद. आजारी लेकराला अभ्यास कसला, असे आप्त म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. ताप असताना पुस्तक उघडायला लावूच नये. पण रक्त चढायला काही तास लागतात, त्यातला अर्धा तास धड्याला दिला तर आपण वर्गात परतणार आहोत, हे मुलाला जाणवत राहते.

कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना सेंट ज्यूड संस्था २००६ पासून निवारा देते, सोबत शिक्षणही. थॅलेसेमिया झालेल्या उपनगरातल्या मुलाचे घर मात्र जवळच असते, म्हणून त्याची अडचण कुणाच्या नजरेत भरत नाही. त्याच्या शिक्षणाची जबाबदारी मूळ शाळेचीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे शाळेला ती टाळता येत नाही. अशा मुलासाठी वेगळा शिक्षक कुठून आणायचा, ही मुख्याध्यापकांची शंका रास्त आहे. मात्र रक्ताच्या तारखा बऱ्याचदा आधीच ठरतात. त्या वर्गशिक्षकांना कळवल्या, तर स्वाध्याय आधी देता येतो आणि चाचणी पुढे ढकलता येते.