परमाणूचा ऱ्हास आणि जुन्या कागदाचें वय

एखाद्या सनदेच्या अस्सलपणाविषयीं वाद उपस्थित झाला म्हणजे, “कागदाचा तुकडा प्रयोगशाळेंत पाठवा, परमाणूंवरून काळ नक्की कळेल,” अशी सूचना हल्लीं होणें स्वाभाविक आहे. परंतु ती मानावयाची तर मूळ पत्राचा एक कण तरी कायमचा गमवावा लागतो. तेव्हां ही पद्धति कोणत्या शोधांवर उभी आहे व ती कोठें निरुपयोगी ठरते, हें संग्राहकांनीं आधीं जाणून घेणें इष्ट होय.

कोल्हापुरास हा विषय अगदींच परका नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें शास्त्रविषय शिकविणारे कै. बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं रसायनशास्त्रावर मराठींत लेखन केलें, कोल्हापूर प्रांताचा इतिहास लिहिला, आणि जिच्यावांचून दप्तरें वाचणाऱ्यांचें पान हालत नसे ती जंत्रीहि सिद्ध केली. त्या काळच्या रसायनांत परमाणु म्हणजे डाल्टननें १८०८ त मांडलेला अविभाज्य व अविनाशी कण होता. तर्कसंग्रह घोकलेल्या वाचकास ही कल्पना ओळखीची वाटेल. दोन परमाणूंचें द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचें त्र्यणुक, कवडशांत दिसणारा रजःकण हें तें त्र्यणुक, आणि परमाणु स्वतः नित्य. (एवढ्यावरून कणादांस आधुनिक रसायनाचे जनक ठरविण्याचा मोह कित्येकांस होतो, तो आवरावा. एकाचें साधन अनुमान, दुसऱ्याचें तराजू.)

हें नित्यत्व थोड्याच वर्षांत ढासळलें. १८९६ त बेकेरेल यांस युरेनियमच्या क्षारांतून आपोआप निघणारे किरण आढळले. पुढल्या वर्षीं टॉमसन यांनीं परमाणूहून कितीतरी हलका असा इलेक्ट्रॉन दाखविला. १८९८ त क्यूरी दांपत्यानें पोलोनियम व रेडियम हीं मूलद्रव्यें प्रसिद्ध केलीं. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा शोध रदरफोर्ड व सॉडी यांनीं १९०२ च्या सुमारास माँट्रियल येथें लाविला. किरणोत्सर्गी परमाणु फुटून दुसऱ्याच मूलद्रव्याचा होतो, आणि ठराविक काळांत असे निम्मे परमाणु नाहींसे होतात. उरलेल्यांपैकीं निम्मे पुन्हां तितक्याच काळांत जातात. तापविल्यानें वा गोठविल्यानें या गतींत फरक पडत नाहीं. घटिकापात्रास पाणी लागतें, जंत्रीस ग्रहगणित लागतें. येथें पदार्थ स्वतःच काळ मोजीत असतो.

पुढचा इतिहास थोडक्यांत असा. १९११ त रदरफोर्ड यांनीं परमाणूच्या मध्यभागीं सूक्ष्म व जड गाभा असल्याचें सिद्ध केलें. १९१३ त सॉडी यांनीं एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनाचे परमाणु असतात हें सांगितलें. १९३२ त चॅडविक यांस न्यूट्रॉन सांपडला. कार्बनच्या गाभ्यांत सहा प्रोटॉन असतात व बहुधा सहाच न्यूट्रॉन. आठ असले तर तो कार्बन-१४. हा अस्थिर परमाणु केमेन व रुबेन यांनीं १९४० त ओळखला. आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांमुळें तो हवेंत सतत निर्माण होतो, वनस्पतींत शिरतो, आणि वनस्पति मेल्यावर ५७३० वर्षांत निम्मा उरतो. शिकागो येथील लिबी यांनीं १९४९ त ज्ञात काळाच्या लांकडांवर, त्यांत मिसरच्या थडग्यांतील लांकडेंहि होतीं, हें गणित पडताळून दाखविलें. त्याबद्दल त्यांस १९६० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत हें काम हातीं घेतलें व महाराष्ट्रांतील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे काळ त्यामुळें पक्के झाले. पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरीचें १९४५–४६ चें उत्खनन मात्र लिबींच्या आधींचें. तेथील थरांचा काळ सांकळिया व दीक्षित यांनीं नाणीं, भांडीं व रोमन धर्तीच्या कांस्यवस्तु यांवरून ठरविला.

आतां कागदाकडे वळूं. तीनशें वर्षांत कार्बन-१४ अवघा साडेतीन टक्के घटतो. एवढी घट मोजतां येते, परंतु हवेंतील मूळ प्रमाणच स्थिर नसतें. डी व्ह्रीस यांनीं १९५८ त हें दाखविलें, व वृक्षांच्या वार्षिक कड्यांवरून तें सुधारून घेण्याची रीत पडली. दुर्दैव असें कीं, सुमारें १६५० पासून १९५० पर्यंत हें प्रमाण इतकें खालींवर झालें आहे कीं एकाच मोजणीस तीन-चार निरनिराळे काळ जुळतात. शिवकालाचा बहुतेक भाग, ताराबाईंची कोल्हापूरची गादी, वारणेचा तह (१७३१), सारी पेशवाई, हें सर्व या तीनशें वर्षांत येतें. म्हणजे आमच्या मोडी दप्तरांपैकीं बहुतेकांस ही पद्धति मुकी आहे. शिवाय ती कागदाच्या तंतूंचें वय सांगते, शाईचें नाहीं. जुन्या दप्तरांत कोरे कागद विपुल असत, आणि बनावट पत्र करणारास तेवढेंच हवें असतें.

शिलाहारांच्या ताम्रपटांस तर हिचा उपयोगच नाहीं. तांब्यांत कार्बन नसतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वींची ताडपत्री पोथी असेल तेथें मात्र निकाल विश्वसनीय मिळतो, आणि १९७७ नंतर निघालेल्या त्वरकयंत्राच्या रीतीनें कांहीं मिलिग्रॅम तंतु पुरतात. आणखी एका ठिकाणीं कौल निःसंदिग्ध येतो. अणुबाँबच्या चांचण्यांमुळें १९६३ च्या सुमारास हवेंतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. “शिवकालीन” म्हणविणाऱ्या कागदांत हा अतिरिक्त अंश निघाला, तर तो कागद १९५५ नंतरच्या तंतूंचा. वादास जागा नाहीं.

तेव्हां मोडी पत्रास कात्री लावण्यापूर्वीं जंत्री उघडावी. सुहूर सनांत ५९९ वा ६०० मिळविले असतां इसवी सन येतो, शकांत ७८ वा ७९; दोहोंचा मेळ, तिथिवाराची संगति, शिक्का, मोर्तब व हस्ताक्षर हीं आधीं तपासावीं. इतकें करूनहि संशय उरला व कागद अर्वाचीन असल्याचा वहीम असला, तरच नमुना द्यावा. तो कोऱ्या समासांतून घ्यावा, मागाहून चिकटविलेल्या ठिगळांतून वा खळीच्या डागाजवळून घेऊं नये. आणि कापण्यापूर्वीं पत्राचें दोन्ही बाजूंचें छायाचित्र काढून कापल्याची जागा दप्तराच्या यादींत नोंदवून ठेवावी.